तांबं बाहेर, कल्हई आत

आमच्या आयांनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घातली आणि त्या बदल्यात स्टील घरात आणलं, ही गोष्ट मला फार वर्षं सलत होती. हंडे, कळश्या, घंगाळं, सतेली, लंगड्या, पितळी डबे, सगळं तराजूत टाकायचं आणि त्या पैशांत हलकी, चकचकीत भांडी घ्यायची, असं तेव्हा घरोघर चाललं होतं. माझ्या आईनेही तेच केलं. आजीच्या हट्टामुळे जी थोडी भांडी वाचली ती पुढे माझ्याकडे आली आणि लग्नानंतर माझं स्वयंपाकघर मी त्यांच्याभोवतीच मांडलं. तांब्यात शिजलेलं अन्न अंगी लागतं, थोडं तांबं पोटात गेलंच पाहिजे, स्टील म्हणजे निर्जीव धातू, अशी माझी मतं होती आणि ती मी कधी लपवली नाहीत. हळदीकुंकवाला, मंगळागौरीला कुठे गेले आणि विषय निघाला की मी ती हिरिरीने मांडायचे.

आज त्यातलं फारसं काही उरलेलं नाही. भांडी आहेत, रोजच्या वापरात आहेत, पूर्वीपेक्षा जास्तच आहेत. पण ती कशासाठी वापरायची आणि कशी, याबद्दल माझं म्हणणं पार फिरलं आहे. शिजत्या अन्नाला तांब्याचा स्पर्शसुद्धा होऊ नये असं मी आता मानते. आणि जी चांदी मी वर्षानुवर्षं कपाटात कोंडून ठेवली होती, ती रोज ताटात असावी असं मानते. हे सगळं लिहावंसं वाटलं, कारण तांब्याची हौस पुन्हा घराघरांत आली आहे आणि माझीच जुनी वाक्यं मला तरुण मुलींच्या तोंडून ऐकू येतात.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप होता तो कल्हईवर. शुद्ध तांब्याचं भांडं घ्यायचं आणि आतून त्याला कथलाचा थर द्यायचा, म्हणजे तांब्याचा गुण झाकूनच टाकायचा, असं मला वाटे. आजीच्या पातेल्यांची कल्हई जिथे जिथे उडाली होती तिथून लालसर तांबं डोकवायचं, आणि ते मला छान वाटायचं. आमटी, कढी आंबट असते म्हणून ती तेवढी त्यात करत नसे. पण दूध मात्र त्यातच तापायचं, कारण दूध कुठे आंबट असतं!

माझ्या या समजाला पहिला धक्का दिला आमच्या नात्यातल्या एका वयस्क बालरोगतज्ज्ञ बाईंनी. आईने भांडी मोडीत काढली त्याची हळहळ मी त्यांच्यासमोर बोलून दाखवली, तर त्या म्हणाल्या, “तुझ्या आईने उत्तम केलं. आम्ही वॉर्डात काय पाहिलंय ते तू पाहिलेलं नाहीस.”

त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर मिळेल तिथे वाचून काढलं. एकेकाळी आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक आजार होत असे, इंडियन चाइल्डहुड सिरोसिस. दीड-दोन वर्षांचं खेळतं मूल चिडचिडं होई, पोट फुगे, यकृत वाढून हाताला टणक लागे, पुढे कावीळ आणि काही महिन्यांत सगळं संपे. एकेका घरात एकामागून एक मुलं गेल्याची उदाहरणं होती. त्या मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण प्रचंड सापडे. हे तांबं येतं कुठून, याचा माग पुण्यातच, केईएम रुग्णालयात डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी स्टुअर्ट टॅनर या ब्रिटिश डॉक्टरांबरोबर काढला. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. तान्ह्या वयातच वरचं दूध सुरू झालेलं, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेलं, हा धागा त्यांनी मांडला. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. त्यामुळे दूध आंबट नसलं तरी बिनकल्हईच्या भांड्यातून ते तांबं ओढून घेतं. मोठ्या माणसाचं यकृत जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाला ते नीट जमत नाही. काही मुलांच्या अंगातच हा धोका अधिक असावा, असंही डॉक्टरांना वाटतं. पण घरातली दुधाची भांडी बदलली आणि पुढच्या काही वर्षांत हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला, हे खरं आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडलं असंही नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकं अशाच आजाराने दगावली. तिथे गाईचं दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात गरम करून बाळांना पाजत. ती भांडी वापरातून गेली आणि आजारही गेला.

हे वाचल्यावर मी आजीचं दुधाचं पातेलं स्वयंपाकघरातून उचललं आणि माळ्यावर ठेवून दिलं. पण मनातला प्रश्न जाईना. आपल्या पणज्या-खापरपणज्या याच भांड्यांत रांधत आल्या, मग त्यांची घरं कशी चालली? याचं उत्तर दोन तुकड्यांत आलं. पहिला तुकडा कडू आहे. त्या काळात किती मुलं लहानपणीच जात आणि कशाने जात, याची नोंद कोण ठेवत होतं? जुन्या घरांत गेलेल्या मुलांचा उल्लेख ओझरता होई. त्यातली काही दुधाच्या चरवीने गेली असतील का, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

दुसरा तुकडा मला आईकडून मिळाला. भांडी का विकलीस, असं मी तिला तोवर अनेकदा विचारलं होतं, पण प्रत्येक वेळी सूर भांडणाचा होता. या खेपेला नीट विचारलं, तेव्हा तिनेही नीट सांगितलं. “आपण कॉलनीत राहायला आलो, तिथे कल्हईवाला यायचा नाही. शहरात भांडी घेऊन जायला वेळ कुणाकडे होता? बिनकल्हईच्या भांड्यातलं तुम्हा मुलांना घालू का मी?”

मी स्टीलला शरण गेलेली बाई समजत होते, ती मुलांच्या पोटात कळकलेलं अन्न जाऊ नये म्हणून भांडी विकत होती. तिने ‘लॅन्सेट’ वाचलेलं नव्हतं. तिला आजीने शिकवलं होतं की कल्हई उडालेल्या भांड्यात काही शिजवू नये, ठेवू तर अजिबातच नये. तीच शिकवण धरून तिने जे करायला हवं ते केलं. मला भांडी मिळाली, पण त्यांच्याबरोबरची शिस्त माझ्यापर्यंत पोचली नव्हती.

मग मी जुन्या घरांकडे नव्या नजरेने पाहू लागले. लोणचं चिनी मातीच्या बरणीत, विरजण मातीच्या किंवा चिनी मातीच्या सटात, चिंचेचा कोळ दगडीत, कोकणात सोलकढीसुद्धा धातूपासून लांब. तळण लोखंडी कढईत, फोडणी लोखंडी पळीत किंवा कढल्यात. प्रत्येक पदार्थाला आपलं भांडं ठरलेलं होतं आणि तांबं-पितळ या व्यवस्थेत बरंच मागे उभं होतं. त्याचं काम पाणी साठवायचं, पाणी तापवायचं, आणि कल्हई असेल तरच रांधायचं. रसशास्त्राचे वैद्यही तांबं शोधन केल्याशिवाय औषधात घेत नाहीत. ज्या परंपरेच्या नावाने मी भांडत होते, ती तांब्याबाबत माझ्याहून कितीतरी सावध होती.

आता कल्हईबद्दल. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ती वस्ती. तिथे अजूनही हातोडीचे ठोके ऐकू येतात. मठारकाम म्हणजे नुसती नक्षी नव्हे. ठोकल्याने तांबं कठीण होतं आणि पत्रा अंगात बळ धरतो, म्हणून मठारलेलं पातेलं सहज चेपत नाही. आळीच्या आसपास विचारत विचारत मी एका कल्हईवाल्या काकांपर्यंत पोचले. माळ्यावरची भांडी गोणीत घालून नेली आणि मुद्दाम तिथेच बसून राहिले.

त्यांनी पातेलं आधी सोड्याच्या पाण्यातून काढून वाळूने लख्ख घासलं. तेल-तुपाचा अंशही राहिला तर कथील तिथे धरत नाही, म्हणाले. लोणारी कोळशाची भट्टी जमिनीतल्या खळग्यात पेटलेली, बाजूला हाताने फिरवायचा पंखा. पातेलं निखाऱ्यांवर सांडशीत धरून फिरवत ठेवलं. तांब्याचा रंग बदलू लागला तशी त्यांनी नवसागराची चिमूट आत टाकली. पांढऱ्या धुराचा लोट उठला, नाकाला झोंबणारा. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि आम्लाची वाफ सुटते. ती वाफ तांब्यावरचा काळा थर खाऊन टाकते आणि कोरं तांबं वर येतं. त्या क्षणीच कथलाची कांब पातेल्याच्या तळाला टेकवायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे टेकताक्षणी त्याचा थेंब पळायला लागला. काकांनी कापसाचा बोळा घेऊन तो थेंब गोल गोल पसरवला, तळापासून काठापर्यंत. बोळा जाईल तिथे लाल तांब्यावर रुपेरी पट्टा उमटत गेला. लगेच पातेलं पाण्यात. चर्र आवाज झाला आणि संपलं. सगळं मिळून काही मिनिटांचं काम, पण आच थोडी जास्त झाली तर कथील काळवंडतं, कमी पडली तर गुठळ्या राहतात, आणि ती आच मोजायला त्यांच्याकडे डोळ्यांशिवाय काही नव्हतं.

कल्हईचा हा थर कागदाहून पातळ असतो. त्याच्या पलीकडे तांबं, अलीकडे अन्न. कथील माणसाला फारसं बाधत नाही, डबाबंद पदार्थांच्या डब्यांनाही आतून त्याचाच मुलामा असतो. तमिळ घरांत तर रसम करायला सबंध कथलाचं भांडं वापरतात, ईयचोंबू. त्यात रसम असताना ते चुलीवर ठेवतात, रिकामं ठेवलं तर भांडंच वितळून जातं.

एका गोष्टीबद्दल मात्र मी आता फार काटेकोर आहे. कथील महाग असतं, आणि डाग द्यायच्या मिश्रणात शिसं असतं. शिसं मिसळलेलं कथील कल्हईला वापरलं गेलं तर बिनकल्हईच्या भांड्यापेक्षाही ते वाईट, कारण शिसं अगदी थोडंही पोटात जायला नको. म्हणून शुद्ध कथलाची कांब मी स्वतः घेऊन जाते. काकांना त्याचा राग आला नाही. उलट, पूर्वी जाणती घरं असंच करायची, म्हणाले.

कल्हईची बाजू मी घेऊ लागले तसा दुसरा प्रश्न आपोआप आला. तांबं जर अन्नाला लागायचंच नसेल, तर मग तांब्याचं भांडं हवं तरी कशाला? शरीराला तांबं लागतं हे खरं, पण ते दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम, आणि तीळ, शेंगदाणे, काजू, डाळी खाणाऱ्या माणसाला ते जेवणातून मिळतंच. त्यासाठी पातेलं झिजवायची गरज नाही.

याचं उत्तर मला चुलीपाशी मिळालं. तांब्याचा खरा गुण उष्णता वाहून नेण्याचा आहे. स्टेनलेस स्टीलपेक्षा तांबं सुमारे २५ पट अधिक वेगाने उष्णता पसरवतं, ॲल्युमिनियमपेक्षाही दीडपटीहून जास्त. आणि हा गुण कल्हईने झाकला जात नाही, एवढ्या पातळ थराने काय अडणार? इतकी वर्षं मी तांब्याचा जो गुण वाखाणत होते तो त्याचा नव्हताच, आणि जो होता त्याच्याकडे माझं लक्ष नव्हतं.

बासुंदी करून बघा म्हणजे कळेल. स्टीलच्या पातेल्यात दूध आटवलं की तळाला बर्नरच्या आकाराचं तपकिरी कडं धरतं. तिथे दूध करपतं आणि कडेला मात्र नुसतं कोमट असतं. कल्हईच्या जाड बुडाच्या लंगडीत दूध मधोमध आणि काठाशी एकाच वेळी थरथरतं. आच वाढवली की लगेच वर येतं, कमी केली की तिथल्या तिथे बसतं. त्या आज्ञाधारकपणाची एकदा सवय झाली की दुसरं भांडं हातात घ्यावंसं वाटत नाही. लाकडी उलथन्याने कडेची साय आत लोटत राहायची, मधूनच तळ चाचपून बघायचा, तर तळ अगदी स्वच्छ. रंग हळूहळू बदामी होतो आणि दुधाचा वास जळका न होता खमंग होत जातो. साखरेचा पाक, पुरण घोटणं, रव्याची खीर, गव्हल्यांची खीर, सांजा, अशा सगळ्या लागणाऱ्या पदार्थांना तांबं फार उपयोगी पडतं.

वरण, भात, उकडलेले बटाटे यांना त्याचा काही उपयोग नाही. तिथे पाणीच उष्णता सगळीकडे पोचवतं, त्यामुळे स्टील किंवा कुकर अगदी पुरेसा. सगळा स्वयंपाक तांब्यात करण्याचा माझा जुना आग्रह मी सोडून दिला तो म्हणूनच. स्टीलच्या भांड्याला खालून तांब्याचा नुसता मुलामा दिलेला असेल, तर त्यानेही फारसा फरक पडत नाही. बूडच जाड हवं. आणि इंडक्शनच्या शेगडीवर तांबं चालत नाही, तिला लोहचुंबक धरणारा धातू लागतो.

कल्हईच्या भांड्यात तुपावर काही परतायचं तर मंद आचेवर, आणि भांडं रिकामं कधीही तापवायचं नाही. मोठ्या गॅसवर कोरडं पातेलं थोड्याच वेळात २३२ अंशांपर्यंत जातं आणि कल्हईचे मणी होऊन तळाशी गोळा होतात. फोडणी आमच्याकडे आता पुन्हा लोखंडी कढल्यात होते आणि वरून ओतली जाते. आमटी कल्हईच्या भांड्यात शिजवते, पण झाली की लगेच काढून घेते. चिंच-कोकम रात्रभर कथलातही ठेवू नये. साखरेचा निव्वळ पाक बिनकल्हईच्या कढईतही चालतो, हलवाई तसाच करतात. फ्रान्समध्ये जॅमसाठी उघड्या तांब्याची परात अजून वापरतात, पण तिथेही फळ आधी साखरेत मुरवतात आणि शिजलेला जॅम तांब्यात क्षणभरही राहू देत नाहीत. मोरावळ्याला मात्र मी तांब्याजवळ फिरकू देत नाही.

घासण्याचंही तसंच. बाहेरून चिंच-मीठ, लिंबाची साल, पितांबरी, जे हवं ते लावा. आम्ल काळा थर विरघळवतं, मीठ त्याला मदत करतं, तांबं तेजाळून निघतं. आतून मात्र मऊ फडकं आणि साधा साबण. तारेची घासणी आत गेली की कल्हई गेली. कल्हई वापराने करडी पडते, ते बिघडणं नव्हे. घासून घासून ती पुन्हा पांढरी करायच्या नादात लोक ती उडवून टाकतात. तळाशी लाल रंग दिसायला लागला की भांडं बाजूला ठेवायचं. रोजच्या वापरातल्या भांड्याला साधारण वर्षातून एकदा कल्हई लागतेच. नवं तांब्याचं भांडं आणलं तर त्याच्यावर चमक टिकवणारं पारदर्शक लाखेसारखं लेपन नाही ना, ते बघा. असेल तर चुलीवर चढवण्याआधी ते काढायलाच हवं.

साधं पाणी तांब्याच्या तांब्यात रात्रभर ठेवायला माझी हरकत आजही नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की १६ तास तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरमागे २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या खूप आत राहतं. पण त्या पाण्यात लिंबू पिळायचं नाही, ताक, सरबत त्यात ओतायचं नाही, आणि तांब्याच्या बाटल्या आतून हिरवट होईपर्यंत तशाच वापरायच्या नाहीत.

चांदीचं माझं प्रकरण याच्या नेमकं उलट होतं. लग्नातलं ताट, वाट्या, पेला, बाळाचं बोंडलं, उष्टावणाची वाटी, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून, वर रबरबँड लावून लॉकरमध्ये. दसऱ्या-दिवाळीला काढावं तर सगळं काळं. मग पावडर लावून खसाखसा घासायचं, की पुन्हा आत. चांदी ही जपायची वस्तू, रोज वापरायची नव्हे, हे मी गृहीतच धरलं होतं.

वास्तविक अन्नाला लागायला चांदीइतका निर्धोक धातू क्वचितच. दूध, वरणभात, खीर यांनी तिला काही होत नाही आणि तिने त्यांना काही होत नाही. तिला काळं करतो तो गंधक. हवेत असतो, अंड्याच्या बलकात असतो, कांदा-लसणात, हिंगात असतो, आणि त्या रबरबँडमध्येही असतो! मी जपायला म्हणून ज्यात गुंडाळत होते तेच तिला काळं करत होतं. रोज वापरून, साबणाने धुऊन, लगेच पुसून ठेवलेली चांदी काळी पडायला वेळच मिळत नाही. आमच्याकडे आता रोजच्या ताटात चांदीची वाटी असते. गरम वरण वाढलं की ती इतकी चटकन तापते की बोटांनी धरवत नाही. उष्णता वाहून नेण्यात चांदी तांब्याच्याही पुढे आहे. आजीची एक छोटी चांदीची पातेली होती, तिच्यात नाचणीची पेज शिजवली तेव्हा हे प्रत्यक्ष पाहिलं.

पथ्यं थोडीच आहेत. मीठ, चटणी, लोणचं चांदीत वाढून ठेवू नये, मिठाने चांदीला बारीक खड्डे पडतात आणि ते पुन्हा भरत नाहीत. अंडंही नको. काळी पडली तर घासू नका, घासताना काळ्याबरोबर चांदीही जाते. एका भांड्यात ॲल्युमिनियमचा कागद पसरा, त्यावर चांदी टेकेल अशी ठेवा, खाण्याचा सोडा आणि थोडं मीठ घालून कडकडीत पाणी ओता. सडक्या अंड्यासारखा वास येतो, कारण गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमकडे जातो, आणि चांदी जागची हलत नाही. मात्र खोदकामाच्या खाचांत मुद्दाम काळपट ठेवलेली जुनी नक्षी असेल तर हा उपाय करू नये, ती नक्षी पुसट होते. ठेवायचीच असेल तर सुती कापडात, घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि बाजारात जर्मन सिल्व्हर म्हणून जे मिळतं त्यात चांदी नसतेच. ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण आहे, त्यात जेवू नये.

आता मला कुणी विचारलं की घरात तांब्याची भांडी घेऊ का, तर मी आधी विचारते, तुमच्या जवळपास कल्हईवाला आहे का? नसेल तर घेऊ नका. माझ्या तोंडून असं उत्तर येईल असं काही वर्षांपूर्वी मला स्वतःलाही वाटलं नसतं. राख, चिंच, चुलीचा धूर, पाण्याचे हंडे आणि वर नोकरी, एवढ्या सगळ्यात माझ्या आईच्या पिढीने स्टील निवडलं. त्याचं मला आता दुःख नाही, तिच्याबद्दल आदर आहे. दुःख आहे ते कल्हईवाल्यांची मुलं हा धंदा करत नाहीत याचं. बासुंदीची लंगडी मी जपून वापरेन, पण तिला कथील लावणारा हातच राहिला नाही, तर मलाही आईसारखंच करावं लागेल, आणि मी ते करेन.

म्हणून दिवाळीच्या आधी मी आमच्या सोसायटीत घरोघर विचारत फिरते. दोन-चार भांड्यांसाठी काकांना भट्टी पेटवणं परवडत नाही. चांगला गठ्ठा जमला तर ते टेंपोत कोळसा आणि सामान घालून येतात आणि पार्किंगच्या मागच्या मोकळ्या जागेत भट्टी लावतात. दरवेळी कुणीतरी नवीन येतं. मागच्या खेपेला तिसऱ्या मजल्यावरची मुलगी तिच्या आजेसासूबाईंचं पितळेचं सुरेख पातेलं घेऊन आली, कडेवर सात महिन्यांचं बाळ. “काकू, कल्हई झाली की बाळाचं दूध यात तापवू ना?” तिने विचारलं. मी म्हटलं, “नको गं. यात तू तुमच्यासाठी खीर कर, बासुंदी कर. बाळाचं दूध स्टीलमध्येच तापव.” ती थोडी हिरमुसली. मग आम्ही दोघी तिथल्या पायरीवर बसलो आणि काकांचं काम होईपर्यंत मी तिला केईएममधल्या त्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली.